नाव घेतल्याशिवाय

१

सम्राट लग्नाची व्हिडिओ शूटिंग घ्यायचा तोवर श्रीरामपुरात त्याला मान होता. अठ्ठ्याण्णव साली त्याने लग्नं सोडली आणि जुनी रिळं गोळा करायला लागला, तेव्हा चौकातल्या मंडळींनी त्याला सरळ भंगारवाल्यात काढलं. कुणी विचारलं की तो न चिडता समजावून सांगे. "लग्नाला टोप-पातेली भाड्याने आणता ना? पंगत उठली की भांडी परत. तसंच हे. मुंबईत रोज एक नवं चॅनेल निघतंय. त्यांना जुनी गाणी, जुने जलसे, जुने तमाशे पाहिजेत. ते तुकडा नेतात, दाखवतात, वापराचे पैसे देतात. रीळ माझंच राहतं." ऐकणारा मान डोलवी आणि चार पावलं पुढे जाऊन म्हणे, पोरगं बिघडलं.

घराची पुढची खोली हेच त्याचं ऑफिस. खिडक्यांना काळं कापड, मधोमध एका शाळेने मोडीत काढलेला प्रोजेक्टर, समोर चुन्याने पांढरी केलेली भिंत. बायको सायली बालवाडीवर गेली की तो एसटी धरायचा, कुठल्यातरी गावी गाणाऱ्याच्या वारसांसमोर चहा पीत बसायचा आणि त्यांची संमती घेऊन संध्याकाळी परत यायचा. पायपिटीचं काम होतं, पण त्याला ते मनापासून आवडायचं.

त्याला कारण होतं. त्याचे वडील भिमाजी गायन पार्टीचे मुख्य गायक. बाबासाहेबांची गाणी गात जिल्हाभर फिरलेले. एकुलता एक सम्राट दोन वर्षांचा असताना ते गेले. घरात त्यांचा एकच फोटो, तोही ओलीने खाल्लेला. बाप दिसायचा कसा, गायचा कसा, हे एकदा पाहायला मिळावं यासाठी त्याचा जीव लहानपणापासून तुटायचा. आणि त्या वर्षी नशिबाने हात दिला. एका साखर कारखान्याच्या प्रचार विभागातला जुना कॅमेरामन वारला, त्याच्या मुलाने माळ्यावरचे डबे खाली काढले, आणि एका डब्यातून आवाजासकट भिमाजी निघाले.

त्या दुपारी आई, भागिरथीबाई, भिंतीसमोर सतरंजीवर बसली. भिंतीवर वडील माइकपाशी आले, कानावर हात ठेवून त्यांनी सूर लावला, शेजारी श्रीमंतकाकांची ढोलकी कडाडली. सम्राटला हुंदका आवरेना. एक कडवं होतंय न होतंय तोच प्रोजेक्टरचा दिवा उडाला.

"ऱ्हाऊ दे," आई डोळे पुसत म्हणाली. "येवढं बी लई झालं. बाकीचं अकोल्याहून आल्यावर बघंन." तिचा भाऊ अकोले तालुक्यातल्या डोंगरात भात करायचा. लावणीला ती दर वर्षी तिकडे जायची, तशी गेली.

२

नवा दिवा पुण्याहून आला त्याच दिवशी मुंबईहून फोनही आला. जुन्या लोकगायकांवर दर आठवड्याला एक कार्यक्रम निघणार होता आणि पहिल्याच भागात त्यांना भिमाजी हवे होते. हे जमलं तर पुढचे सगळे भाग सम्राटकडून. धंदा उभा राहणार होता आणि बापाचा आवाज घरोघर जाणार होता. अट एकच. "गाणं मधे तुटायला नको हो," चॅनेलचा माणूस म्हणाला. "ते बक्षीस-बिक्षीस, नावं-बिवं सगळी उडवा. आमच्या प्रेक्षकांना काय करायचीत?"

आता गायन पार्टीचा कार्यक्रम ज्याने पाहिलाय त्याला हे सांगायला नको. गाणं रंगात आलं की श्रोत्यांतला एखादा उठतो, नोट घेऊन स्टेजपाशी जातो. गायक तिथेच थांबतो, नोट घेतो, देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारतो आणि मगच पुढचं कडवं उचलतो. ज्याचं नाव एरवी मुकादमाच्या शिवीबरोबरच ऐकू यायचं, त्याचं नाव त्या दिवशी कर्ण्यातून चार वस्त्यांवर जायचं. आई सांगे, भिमाजींनी नाव घेतल्याशिवाय कधी पुढचं कडवं म्हटलं नाही.

सम्राटचं मन कचरलं, नाही असं नाही. पण रीळ टेपवर उतरवून देणारी पुण्यातली लॅब फुटावर पैसे घ्यायची. नको तो भाग आधीच कापला तर तेवढे पैसेही वाचत होते आणि चॅनेलची अटही भागत होती. त्याने रीळ लावलं. "शेतमजूर कचरू यांच्याकडून आपले ढोलकीवाले श्रीमंत यांना बक्षीस," वडील भिंतीवरून म्हणाले. सम्राटने ब्लेडने तेवढा तुकडा कापला आणि टोकं जोडून चिकटपट्टी लावली. असे बरेच तुकडे निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बंब पेटवताना त्याने ते सगळे आत सारले. घरभर असा वास सुटला की सायली ओरडली, "अहो, केस जाळताय की काय?"

अंघोळ करून त्याने जोडलेलं रीळ एकदा चालवून पाहिलं. पहिलं कडवं संपलं. जोड प्रोजेक्टरमधून टक् करून गेला. आता लगेच दुसरं कडवं यायला हवं होतं. ते आलं नाही. वडील गप्प उभे राहिले. ढोलकी थांबली. वडिलांनी मान किंचित पुढे केली आणि समोर पाहत राहिले, कुणी काही सांगायचं राहिलंय अशा चेहऱ्याने. मग दुसरं कडवं सुरू झालं.

सम्राटने रीळ काढून तो जोड भिंगाखाली धरला. एका बाजूला कडव्याचा शेवट, दुसऱ्या बाजूला पुढच्याची सुरुवात. मधे थांबायला जागाच नव्हती. मोटरचा पट्टा सैल झाला असणार, त्याने स्वतःला सांगितलं, आणि पट्टा बदलला.

३

संमतीसाठी ढोलकीवाल्याच्या घरी जायचं होतं. साखर कारखान्यातली नोकरी संपल्यावर तो पारनेरकडे आपल्या गावी जाऊन राहिला होता आणि तिथेच वारला होता. त्याची बायको लंकाबाई एकटी राहायची. एसटीत बसल्यापासून सम्राट एका गोष्टीने वैतागला होता. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून तो जयंती पाहायला जायचा त्या काकाचं नाव त्याच्या ओठावर येत नव्हतं. (वर ते येऊन गेलंय. वाटलं तर मागे जाऊन बघा. मला ते आता इथे लिहिता येत नाही.)

"मी भिमाजींचा मुलगा," तो दारात म्हणाला. "ढोलकीवाल्या काकांचं घर हेच ना?"

"व्हय, हेच की! ये बाबा, बस." लंकाबाई हरखून गेली. "लई दिसांनी कुनी त्यांचं इचारलं." तिने चहा केला, संमतीचा अंगठाही दिला. भिंतीवर हार घातलेला फोटो होता, खाली नाव नव्हतं.

"मावशी, टीव्हीवर ढोलकी कुणाची ते लिहून येईल," सम्राट म्हणाला. "काकांचं पूर्ण नाव सांगा."

"अगं बया! नवऱ्याचं नाव असं घेत्यात व्हय?" सत्तरीतली म्हातारी पदर तोंडाला लावून लाजली. मग स्वतःच म्हणाली, "थांब, उखान्यात घेते. पाटाच्या पान्यावर वाढला ऊस..." तिने ताल धरला, "पाटाच्या पान्यावर वाढला ऊस, ..."

ती थांबली. हसली. परत सुरू झाली. "पाटाच्या पान्यावर वाढला ऊस..." सम्राट हसत वाट पाहत होता. तिसऱ्या वेळी तिच्या तोंडावरचं हसू गेलं. चौथ्या वेळी तिने ताल सोडला. ती उठून फोटोसमोर गेली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. "आरं, नावच घेतलं न्हाई ना कदी मी," ती पुटपुटली. "मनात तरी घ्यायचे. सकाळी उठल्या उठल्या घ्यायचे. कुटं गेलं?"

वय झालं, सम्राटने परतीच्या एसटीत स्वतःची समजूत काढली. माणूस विसरतं. पण तिचं वय झालं होतं. त्याचं कुठे झालं होतं?

४

त्यानंतर एका सकाळी एक वाकलेला म्हातारा सुनेचा हात धरून दारात आला. धोतर स्वच्छ, टोपी नवी, लग्नाला निघाल्यासारखा.

"भिमाजीदादाची रीळ तुमच्याकडं हाय म्हनं," तो म्हणाला. "मी बक्षीस दिलं हुतं त्या कार्यक्रमात. दादांनी माईकवर नाव घेतलं माजं. सगळ्या माळावर ऐकू गेलं हुतं. तेवढं ऐकवा."

"बसा बाबा," सम्राट म्हणाला. "आपण कोण?"

म्हातारा सुनेकडे पाहू लागला. सुनेने मान खाली घातली. "त्येच तर," ती हळूच म्हणाली. "आठवडा झाला. यांना सुचंना. म्हातारपन म्हनावं तर आमाला बी सुचंना. पेन्शनच्या हापिसात साहेबांनी नाव इचारलं, तर हे नुसतं तोंड उघडून बसले. गल्लीत कुनालाच येत न्हाई. मग हेच म्हनले, रीळमदी हाय, चल."

सम्राटला आपण तो तुकडा कापल्याचं आठवत होतं. त्यात वडिलांचा आवाज घुमला होता तेही आठवत होतं. काय घुमलं होतं तेवढं आठवत नव्हतं. तुकडा जाळला हे सांगायला त्याची जीभ रेटेना, म्हणून त्याने रीळ लावलं. काळं कापड ओढलं. प्रोजेक्टरची घरघर सुरू झाली.

कडवं संपलं. जोड टक् करून गेला. वडील थांबले. आज चित्राच्या खालच्या कडेला एक हात वर आला, तरणाबांड, काळा, मनगटात दोरा बांधलेला. हातात नोट होती. वडिलांनी वाकून ती घेतली आणि मान पुढे करून थांबून राहिले.

म्हातारा धडपडत उठला. त्याच्या मनगटात तसाच दोरा होता. "दादा, मी..." तो भिंतीकडे हात करून म्हणाला. "मी हाय, दादा. मी..." वडिलांनी अगदी मन लावून ऐकलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर निराशा पसरली आणि त्यांनी दुसरं कडवं उचललं.

म्हातारा खाली बसला. "घेतलं न्हाई," तो लहान पोरासारखा म्हणाला. "नोट घेतली, आन् नाव घेतलं न्हाई."

सून त्याला धरून घेऊन गेली. सम्राट बंबापाशी गेला आणि गार राखेत बोटं घालून बसला. तिथे काय सापडणार होतं?

५

राखेत हात असतानाच त्याच्या मनात आलं, आणि त्याने हात झटकन बाहेर काढला. शेवटच्या कडव्याआधीचा तुकडा त्याने न ऐकताच कापला होता. सायलीने मिक्सर लावला होता, काही ऐकू येत नव्हतं. वडील वाकले, त्यांचे ओठ हलले, म्हणजे बक्षीसच, असं धरून त्याने ब्लेड चालवलं होतं. त्यात कुणाचं नाव होतं?

फोन वाजला. "टेप कुठाय?" मुंबईचा माणूस विचारत होता. "जाहिरात सुरू झाली आमची. कोण बोलतंय?"

"मी श्रीरामपूरहून. भिमाजींचा मुलगा." त्याने फोन ठेवला आणि त्याच्या लक्षात आलं, की लंकाबाईच्या दारातही तो हेच म्हणाला होता. सगळीकडे हल्ली तो हेच म्हणत होता.

काहीतरीच मनात आणतोय आपण, त्याने स्वतःला दटावलं. स्वतःचं नाव का कुणी विसरतं? ते जिभेवर आणायचीसुद्धा गरज नसते. म्हणून त्याने ते आणून पाहिलं नाही. कपाटात शाळेचा दाखला होता. तो कपाटापर्यंत गेला, कडीला हात लावला आणि परत फिरला. न पाहिलेलं बरं, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटलं याचीच त्याला जास्त भीती वाटली.

सायली पोळ्या लाटत होती.

"मला हाक मार बरं," तो म्हणाला.

"दिवसभर मारतेच की. अहो, अहो करून घसा बसला माझा."

"तसं नाही. नावाने मार."

"इश्श! काहीतरीच काय?" ती हसली. "आजवर कधी घेतलंय? लग्नात घेतलं तेवढंच."

"मग तेच घे. एकदा घे, सायली. मी पाया पडतो तुझ्या."

त्याचा आवाज ऐकून तिने मागे वळून पाहिलं. तिचे ओठ उघडले. लाटणं पोळपाटावर थांबलं. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली, आधी चेष्टेने, मग शोधल्यासारखी. मग ती वळली आणि भराभर लाटू लागली. पोळी फाटली तरी ती लाटतच होती.

"आई येतायत उद्या," ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "आईंना विचारा."

६

आईला विचारायचं. त्या एका आशेवर त्याने रात्र काढली. जिने जन्म दिला ती कशी विसरेल? साऱ्या जगाने पुसलं तरी तिच्यापाशी असणारच. आई नुसती दारात येऊन हाक मारील आणि हे सगळं खूळ संपेल.

भागिरथीबाई दुपारच्या गाडीने आली. सायलीने पिशवी घेतली, पाणी दिलं. आईने सुनेच्या गालावरून हात फिरवला, भावाकडचं सगळं सांगितलं, तांदळाची पुरचुंडी काढून दिली. त्याच्याकडे पाहून तिने हात जोडले आणि "जयभीम" म्हणाली. प्रवासाने दमलीय, त्याने मनाशी म्हटलं. पण तिने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला होता, परक्या पुरुषासमोर घेतात तसा.

"आई, रीळ बघायचं राहिलंय तुझं," तो घाईघाईने म्हणाला. ती त्या कार्यक्रमाला हजर होती. पाहता पाहता तिला आठवेल. त्याने कापड ओढलं. बाहेर लख्ख दुपार होती, खोलीत प्रोजेक्टरच्या उजेडात धूळ तरंगत होती.

वडील गायले. प्रत्येक जोडापाशी थांबले, वाट पाहून पुढे गेले. आई तालावर मांडीवर बोटं आपटत होती. शेवटच्या कडव्याआधीचा जोड आला. टक्.

वडील या वेळी समोर वाकले नाहीत. ते स्टेजच्या बाजूला, पडद्याकडे वाकले. पडद्याच्या फटीतून हिरव्या बांगड्या भरलेले दोन तरुण हात पुढे आले. हातांत एक गाठोडं होतं. वडिलांनी ते जपून घेतलं, छातीशी धरलं, आणि माइकपाशी आले. गाठोड्यातून एक इवलीशी मूठ बाहेर आली.

"अगं माय!" आई ओरडली. तिचा चेहरा उजळून निघाला होता. "माजं लेकरू! बारा दिसांचं हुतं. मीच दिलं पडद्याआडनं. ह्यांनीच भर सभेत नाव ठेवायचं असा हट्ट धरला हुता मी."

तो सतरंजीवर तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. "आई, काय नाव ठेवलं? सांग ना. काय ठेवलं?"

"आजून कुटं ठेवलंय?" ती भिंतीवरून नजर न काढता म्हणाली. "थांबलेत बघा."

वडील थांबले होते. रीळ फिरत होतं, घरघर चालू होती, आणि भिंतीवर ते बाळाला धरून उभेच होते. त्यांची नजर खोलीत फिरली. सायलीवरून गेली, आईवरून गेली, आणि त्याच्यावर येऊन थांबली. मान किंचित पुढे झाली.

आईने ते पाहिलं. ती त्याच्याकडे वळली आणि अदबीने, आर्जवाने, घरी आलेल्या माणसाशी बोलावं तसं बोलली.

"पाव्हनं, तुमी शिकल्यालं दिसता. माज्या लेकरासाटी येखादं चांगलं नाव सुचवा की."

सायली दाराच्या चौकटीला धरून उभी होती. भिंतीवर वडील कान देऊन उभे होते. त्याने तोंड उघडलं, आणि त्याला एकही नाव सुचेना.